डॉक्टरचं बलुतं

माझ्या थोरल्या भावाला पगार होता आणि मला शाळू होता. आम्हा दोघांच्या शिक्षणाचं सार आई एवढ्यातच सांगायची, आणि तेही माझ्यासमोर. भाऊ सांगली संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर. पहिल्या तारखेला पगार, म्हातारपणी पेन्शन. मी चार वर्षं मेडिकल स्कूलमध्ये काढून परवाना मिळवलेला डॉक्टर. पदवी नाही, नुसता परवाना. पदवीवाले ते साहेब आणि आम्ही कंपाउंडरपेक्षा चार बोटं वर. भावाचीही गत फारशी वेगळी नव्हती. इंजिनिअरची पदवी नसल्यामुळे तो जन्मभर ओव्हरसियरच राहणार होता, पण त्याचं दुखणं पगाराखाली झाकलं जायचं.

लढाईची वर्षं होती. रहिमतपूर स्टेशनपासून बैलगाडीने दोन तासांवरच्या एका गावात मी दवाखाना थाटला होता. वर्षभर अनुभव घ्यायचा आणि सटकायचं, असा बेत. गावात घरटी एक माणूस पलटणीत. त्यांच्या मनिऑर्डरी नेमाने यायच्या, पण डॉक्टरला द्यायची वेळ आली की "पिकलं की बघू की," म्हणून लोक बाटली घेऊन चालू लागायचे. औषधं मला मिरजेहून रोखीने आणावी लागत. हिवतापाने फणफणलेल्या माणसावर चिडता येत नाही, म्हणून मी घरी येऊन स्टोव्हवर चिडायचो.

पहिल्या वर्षी फाल्गुनात पाटलांनी मला खळ्यावर बोलावलं. सुतार, लोहार, चांभार ओळीने बसले होते. ओळीच्या शेवटी माझ्यासाठी घोंगडं अंथरलेलं. मळलेल्या शाळूच्या राशीतून पाटलांनी सूप भरभरून माझ्यापुढे ओतलं. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी मास्तरांचा मुलगा, साताऱ्यात वाढलेला. खळं पाहिलं तेच मुळी त्या दिवशी. मी हात जोडून "आभारी आहे" म्हणालो आणि पोतं गाडीत टाकून आलो. सगळे हसले. तेही मला आपुलकीचंच वाटलं.

महिन्याभरात भावाचं पत्र आलं. सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात सहायकाची जागा रिकामी झाली होती. पगार बेताचाच, पण तिथे दोन वर्षं काढली की पदवीच्या वर्गाला बसायला मिळणार होतं. माझ्यासारख्याला वर जायला तेवढा एकच रस्ता होता. मी त्याच दिवशी पाटलांकडे गेलो. ते पान लावत बसले होते.

"जाताय व्हय?" ते म्हणाले. "मग बलुतं कशापायी घेतलंसा?"

"कसलं बलुतं?"

"आवं डाक्टर, खळ्यावर शाळू घेतलासा न्हवं? सुतार घेतो, त्यो वरीसभर आमची आवतं दुरुस्त करतो. तुमी घेतलासा, तुमी माणसं दुरुस्त करायची. वरीस भरू द्या, मग जावा की. कोण धरून ठेवतंय?"

खरंच कुणी धरून ठेवत नव्हतं. पोतं परत करावं म्हटलं, तर थोडा शाळू माझ्या पोटात गेला होता आणि उरलेला सांगलीला, भावाकडे राहणाऱ्या आईला पाठवून झाला होता. आपण केवढे मूर्ख, या विचाराने मला आठवडाभर झोप लागली नाही. राहिलो. ती जागा माझ्याच वर्गातल्या एकाला मिळाली. वर्षभर मला ताटातल्या भाकरीचा राग यायचा.

माझ्या घरासमोर एक म्हातारी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. त्याची पत्रं आली की ती माझ्याकडे वाचायला आणायची, आणि वाचून झालं की पुन्हा एकदा वाचायला लावायची. त्या पावसाळ्यात तिची नात न्यूमोनियाने हातची जायची, ती वाचली. तेव्हापासून म्हातारी न सांगता माझं अंगण झाडू लागली. पुढे मुलाची पत्रं यायची थांबली, तरी ती रोज दवाखान्यात डोकावून जायची.

दुसऱ्या वर्षी मी सावध होतो. त्याच दवाखान्यात आणखी एक जागा निघाली होती आणि भावाने खटपट करून माझ्यासाठी शब्द टाकला होता. ऐन मळणीच्या आठवड्यात मी दाराला कुलूप ठोकून सांगली गाठली. खळ्यावर मीच नसलो तर ओतणार कुणापुढे! मोठ्या डॉक्टरांना भेटलो, नेमणुकीचं पत्र हातात पडलं, सोमवारी हजर व्हायचं ठरलं. भाऊ स्टेशनवर सोडायला आला. गाडी हलताना म्हणाला, "आपल्यातला एक तरी वर जाऊ दे." त्याने हे दुःख बोलून दाखवलं ते पहिल्यांदाच. पेटी आणि भांडी आणायला मी गावाकडे निघालो.

पोचलो तेव्हा दुपार होती. अंगण सारवलेलं होतं. आणि ओटीवर, पायरीपासून थेट उंबऱ्यापर्यंत, शाळूची रास. वर हळदकुंकू वाहिलेलं. घराला दुसरं दार नव्हतं. कुलपापर्यंत पोचायचं तर राशीत पाय द्यावा लागणार होता. धान्याला चुकून पाय लागला तरी बोटं डोळ्यांना लावणारा मी. इतकं शिकूनही तेवढं सुटलं नव्हतं. राशीला हात लावून ती बाजूला केली, तर उचललं म्हणजे घेतलं, हे आता मला कुणी समजावून सांगायला नको होतं. पेटी आत आणि मी अंगणात. संतापाने मला रडू फुटलं.

समोरून म्हातारी लगबगीने आली. "तुमी न्हवता, म्हणून पाटील म्हणालं, दारातच वता. लय जपलं बघा. सकाळधरनं एक चिमणी बसू दिली न्हाई."

"मी चाललोय, आजी," मी म्हणालो आणि खिशातलं पत्र काढून तिच्यापुढे धरलं.

कागद बघून तिचा चेहरा पालटला. पदराला हात पुसत ती म्हणाली, "माझ्या पोराचं हाय व्हय?"

"नाही. माझं आहे."

तिने पुसलेले हात पदराखाली घेतले. "आसू दे," म्हणाली. "त्याचं आलं म्हंजी वाचाय तुमी हायसाच."

मी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. चपला काढल्या आणि तिच्याकडे एक पोतं मागितलं. दोघांनी मिळून शाळू भरला. सोमवारी सकाळी मी दवाखाना उघडला.