फ्लेक्सवरचा अधिकारी

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना ऐकू नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खर्चानं आणि वर दोन भाषांत, स्वतःलाच परदेशातून हाकलून द्यायची तयारी कशी केली होती, ते सांगतोय!

आधी मामला समजून घ्या. माझी बायको अश्विनी पोर्तुगालला संशोधन करते. लग्नानंतर चारच महिन्यांत ती तिकडं आणि मी सोलापुरात. वर्षभर आमचा संसार मोबाईलवर चालला होता. मी इकडं भाकरी मोडतोय, ती तिकडं पाव मोडतेय, असं किती दिवस चालायचं? मला तिच्याजवळ जायचं होतं, बस्स.

तिच्या कागदांवर मला सरळ जाता आलं असतं. पण नाही! बायकोच्या पदराला धरून गेला असं चौकात कोणी म्हणालं तर? म्हणून मी दुसरी वाट शोधली. तुमचा मालक आपल्या देशात असेल, त्याचं काम तुम्ही लॅपटॉपवर करत असाल आणि पगारही इकडूनच येत असेल, तर तिथं राहायचा परवाना मिळतो. फक्त नोकरी तिथली नको, इथलीच पाहिजे. ही अट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

माझे मालक म्हणजे आप्पा. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना. मूळचे दुधनीचे, त्यामुळं मराठीच्या मधूनमधून कानडी डोकावते. परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देणं हे माझं काम. मी घाबरतच विचारलं, तर आप्पा म्हणाले, "जा की! मेल हितनं लिवलं काय अन् तितनं लिवलं काय, टॉवेल तर हितंच विणायचाय." सहीशिक्क्याचं पत्रही देऊन टाकलं.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? मी चौकात गेलो!

चौकात इरण्णाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. इरण्णा माझा शाळेपासूनचा मित्र.

"काय बे विन्या, पोर्तुगालला चाललास म्हणं? तितं काम काय करणार?"

"आप्पांचंच. टॉवेलचं."

"मंग आप्पा बी चाललेत का?"

"नाही रे. आप्पा इथंच, कारखाना इथंच, पगारपण इथूनच."

"आन तू?"

"मी तिथं."

इरण्णानं बराच वेळ डोकं खाजवलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मंजी आप्पानी काढलं म्हण की बे तुला!"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. विन्याची नोकरी गेली, आता बायकोच्या जिवावर बसून खाणार! किराणा दुकानातल्या काकूंनी साखर बांधता बांधता इतक्या मायेनं विचारलं, "काय लागलं तर सांग हं बाळा," की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर दुकानात ओरडलो, "मला तिकडं मोठ्या अधिकाऱ्याची नोकरी लागलीय!"

एक वाक्य. फक्त एक वाक्य! दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स. 'आपल्या चौकाचे सुपुत्र मा. विनायकराव यांची पोर्तुगाल येथे उच्चपदस्थ अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी गॉगल घातलेला मी, वर विमान, आणि का कोण जाणे, बाजूला एक वाघ. खाली सतरा शुभेच्छुक, त्यात सगळ्यात ठळक 'चौकाचा राजा मित्रमंडळ'.

तुम्ही म्हणाल, तो उतरवायला लावायचा होता ना? खरं सांगतो, मी त्या दिवशी चौकातून उगाचच पाच फेऱ्या मारल्या. झकास दिसत होतो हो! शेवटच्या फेरीत फोटोही काढून घेतला.

आता खरी गंमत. परवान्यासाठी कागद जमवायचे होते. यादी होती आठ कागदांची. पण आपल्याकडं सरकारी ऑफिसात खेटे घातलेल्या माणसाला एक ज्ञान झालेलं असतं: कागद कमी पडला तर परत पाठवतात, जास्त झाला म्हणून कधी कोणाला परत पाठवलंय का? मी दहावीची मार्कलिस्ट लावली. शाळा सोडल्याचा दाखला लावला. पोहण्याच्या स्पर्धेतलं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र लावलं. फाईल उशीएवढी झाली. आणि सगळ्यात शेवटी, समाजात आपली काय प्रतिष्ठा आहे ते कळावं म्हणून, फ्लेक्सचा फोटो!

भाषांतर करणारे गोव्याचे एक वयस्कर गृहस्थ होते. मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही पक्की. त्यांनी फोन करून विचारलं, "हा वाघाचा फोटोसुद्धा करायचा का हो?"

"सगळं करा!" मी म्हणालो. "एक शब्द सोडू नका."

त्यांनी सोडला नाही.

व्हिसा मिळाला, मी पोहोचलो, विमानतळावर अश्विनीला बघून रडलो. ते जाऊ द्या. महिनाभरानं परवान्याच्या ऑफिसात शेवटची मुलाखत होती. अश्विनी माझ्या शेजारी बसली. समोरच्या बाई चष्मेवाल्या, शांत. एकेक पान उलटत होत्या. शेवटच्या पानाशी थांबल्या.

"हा 'चौकाचा राजा' कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"ते एक मित्रमंडळ आहे, मॅडम."

"बरं. इथं लिहिलंय की पोर्तुगालमध्ये तुमची उच्च अधिकारी म्हणून निवड झाली. कोणत्या कंपनीत?"

"कुठल्याच नाही."

"मग हा कागद खोटा आहे?"

आता बोला! खरा म्हणावं, तर इथं नोकरी धरली म्हणून परवाना गेला. खोटा म्हणावं, तर सरकारला खोटा कागद दिला म्हणून परवाना गेला. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेले. अश्विनीनं पान ओढून घेतलं, वाचलं आणि हळूच मराठीत म्हणाली, "परत जावं लागलं ना विनायक, तर मी काय करायचं?" तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. काकू, साखर, इरण्णा, वाघ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मालकांशी बोलता येईल?"

व्हिडिओ कॉल लावला. मागं यंत्रमागांची खडखड, पुढं आप्पांचं कपाळ.

"नमस्कार री मॅडम!"

बाईंनी विचारलं, हा मोठा अधिकारी आहे का? मी आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पा खो खो हसले.

"अधिकारी? ह्यो? अवो, ह्याला मी खुर्चीसुदिक दिलेली न्हाय! पॅकिंगच्या खोक्यावर बसतोय!"

मी भाषांतर केलं, "ते म्हणतात, मी फार साधा राहतो."

"नाही मॅडम," अश्विनी म्हणाली. "ते म्हणतात, हा खोक्यावर बसतो."

"हाताखाली किती माणसं आहेत?"

"माणसं? एक मांजर हाय. ती बी ह्याचं ऐकत न्हाय."

मी म्हणालो, "छोटी टीम आहे."

"मांजर," अश्विनी म्हणाली.

आणि बघा चमत्कार! मी जसजसा खाली घसरत होतो, तसतसा बाईंचा चेहरा खुलत होता. मग मलाही सूर सापडला. म्हटलं, "आप्पा, अजून सांगा! त्या चुकीच्या रंगाच्या टॉवेलचं सांगा!" आप्पांनी सांगितलं. मी शब्दन् शब्द भाषांतर केला, अगदी शिवीसकट.

शेवटी आप्पा गंभीर झाले. "मॅडम, पोरगं बढाया लई मारतंय, पर काम चोख करतंय. म्या त्याला सोडलेलं न्हाय आन सोडणार बी न्हाय. त्याला बायकोपाशी ऱ्हाऊ द्या."

हे अश्विनीनं भाषांतर केलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

परवाना मंजूर! मी ऑफिसच्या पायऱ्यांवर अशी आरोळी ठोकली की कबुतरं उडाली. जिंकलो ना राव! संसार एका छपराखाली आला.

पण जाता जाता बाईंनी फाईलसाठी एक कागद लिहून घेतला. मी उच्चपदस्थ नाही, मी अधिकारी नाही, माझ्या हाताखाली कोणी नाही. खाली माझी सही, आप्पांची मेलवरून मागवलेली सही, साक्षीदार म्हणून अश्विनीची सही आणि वर सरकारी शिक्का. एक प्रत आम्हाला दिली.

परवान्याचं कार्ड माझ्या पाकिटात असतं. तो कागद मात्र अश्विनीनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, आणि पाहुण्यांसमोर माझा आवाज जरा चढला की ती काही बोलत नाही, नुसतं भिंतीकडं बोट दाखवते.