थोरला जेवला काय?

मासे पाळणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच. कुत्र्याला काही झालं तर तो विव्हळून सांगतो, मांजर पायात घोटाळून सांगते. मासा काहीच सांगत नाही. मग त्याच्या वाटचं ओरडणं, रडणं, धावाधाव करणं, सगळं आपल्यालाच करावं लागतं!

वर्ध्यात आमचं चौघांचं टोळकं आहे. रंगीबेरंगी परदेशी मासे आम्ही पाळत नाही. धाम नदीतली, गावतलावातली, नाल्याच्या डबक्यातली आपली मासोळी घरच्या काचेच्या टाकीत धडधाकट ठेवायची, हा आमचा नाद. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्याचं नाव ‘पाणी बदललं का?’. बाकीचे लोक सकाळी एकमेकांना फुलांचे फोटो पाठवतात. आम्ही शेपटीचे पाठवतो आणि खाली लिहितो, "हे पांढरं काय दिसून राह्यलं? मरते काय हे?"

टोळक्यात सर्वांत ज्येष्ठ वानखडे सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दुसरे डॉ. झाडे, गुरांचे डॉक्टर. तिसरा प्रफुल्ल, त्याचं कूलरचं दुकान आहे. चौथा मी, कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आणि स्वभावानं घाबरट. यंदा पावसाळ्यात सरांचं हृदयाचं ऑपरेशन आणि त्यांच्या लाडक्या माशाचं अन्नपाणी सोडणं एकदमच आलं. तो किस्सा सांगायचाच आहे. पण आधी आमचे बाकीचे प्रताप ऐका.

* * *

सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे कोणी रुसणार नाही.

पवनारच्या पुलाखालून मी पहिल्यांदा मासोळ्या आणल्या. छोट्या, रुपेरी, शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या. घरी आलो, नळ सोडला, टाकी भरली, मासोळ्या सोडल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या पोट वर करून तरंगत होत्या. नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरीनं त्यांचा जीव घेतला होता. ते पाणी आधी उघडं ठेवून त्याचा वास उडू द्यायचा असतो, हे मला सरांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात जिथे जागा दिसेल तिथे पाण्याची बादली असते. एकदा जाम गावाहून माझा साळा आला आणि न्हाणीतल्या बादल्या अंगावर ओतून मोकळा झाला! मी बाहेरून ओरडलो, "अबे, ते पाणी काऊन घेतलं? म्या मुरत ठेवलं होतं!"

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, लोक लोणचं मुरवतात. भाऊजी पाणी मुरवून राह्यले. डॉक्टरले दाखवलं काय?"

बायको शांतपणे म्हणाली, "मले ताप आला तं घोरत होते हे. मासोळीनं जांभई देल्ली का उठून बसतात!"

* * *

आता प्रफुल्ल. वर्ध्याचा मे महिना म्हणजे टाकीतलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं होतं. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. ते पाहवत नाही. आपल्यालाच धाप लागते.

प्रफुल्लच्या टाकीत तेच सुरू झालं. त्यानं आधी बर्फाच्या बाटल्या सोडून पाहिल्या. पाणी एकदम गार, मग एकदम गरम, मासे आणखीच बावरले. शेवटी पठ्ठ्यानं बैठकीतला मोठा कूलर फिरवला आणि टाकीकडे तोंड करून लावला. वडील आंजीच्या शेतातून उन्हातान्हाचे घरी आले, तर त्यांच्या पलंगावर वाऱ्याची झुळूक नाही!

गावभर कूलर विकणाऱ्या पोराचा बाप तो. त्यानं पलंग ओढत नेला आणि टाकीला खेटून टाकला. प्रफुल्ल म्हणाला, "बाबा, तिथं काऊन झोपता? पंपाचा आवाज येईन."

"येऊ दे. या घरात ज्याची काळजी घेतात, त्याच्यापाशी झोपलेलं बरं!"

* * *

डॉ. झाडे म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं रेडकू बाहेर काढतात. पण मासा हातात घ्यायचा म्हटलं की त्यांचे हात थरथरतात. "म्हैस मोठी असते," ते म्हणतात, "चुकीले जागा असते. याच्यात जागाच नाई न राजा!"

त्यांच्याकडे शिंगी आहे. काळा, मिशाळ मासा, पंखांपाशी विषारी काटा. तिच्या अंगावर पांढरे डाग दिसले म्हणून डॉक्टर तिला दुसऱ्या टाकीत हलवायला गेले आणि तिनं अंगठ्यात काटा खुपसला. हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, "काय झालं?"

माशानं काटा मारला म्हणायची डॉक्टरांना लाज वाटली. म्हणाले, "म्हशीनं लाथ मारली."

बाईंनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. "एवढा नेम धरून?"

शिंगीचे डाग पुढे बरे झाले. त्या बाई मात्र डॉक्टर रस्त्यात दिसले की अजून विचारतात, "म्हैस कशी हाये?"

* * *

आता सरांकडे येतो. त्यांच्या टाकीत दोन छोट्या मरळी आहेत. मोठी मरळ हातभर होते. ही जात वीतभरच, अंग मातकट आणि पंखांना निळी-केशरी किनार. दोघीही पवनारजवळच्या एकाच डबक्यातून आणलेल्या, म्हणून सरांनी ठरवून टाकलं की हे सख्खे भाऊ. एकाचं नाव थोरला, दुसऱ्याचं धाकटा. चित्रकलेचा माणूस म्हणाला म्हणजे आम्हीही मान डोलावली. वर्षभर आम्ही त्यांना भाऊ-भाऊ म्हणूनच ओळखत आलो.

मरळीचं एक असतं. ती वर येऊन हवा घेते आणि लहर आली की टाकीबाहेर उडी मारते. म्हणून झाकणावर वजन लागतं. सरांनी वजन म्हणून घरातला वरवंटा ठेवला. त्या दिवसापासून सरांच्या मंडळींचा, म्हणजे रेखावहिनींचा, पाटा बिचारा एकटा पडला आहे!

एकदा वहिनींना चटणी वाटायची होती. त्यांनी वरवंटा घेतला आणि परत ठेवायला विसरल्या. थोरला सापडला न्हाणीच्या मोरीत, ओल्या फडक्याखाली, जिवंत! सर त्याच्यामागे गुडघ्यांवर रांगत होते. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याले पाय नाई तरी घरात ठरत नाई. तुमाले तं दोन-दोन हायेत!"

सर हसत सुटले. हसता हसता त्यांनी छाती धरली. आम्हाला वाटलं, हसून दम लागला. तपासण्या झाल्या आणि आठवड्याभरात सर नागपूरला ऑपरेशन टेबलावर होते.

* * *

जाताना सरांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. स्वतःच्या छातीबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "थोरला जेवला काय, तेवढं सांगत जाजो."

ऑपरेशन नीट झालं. सर नागपुरात मुलाकडे राहिले. पण त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. वहिनींचा फोन यायचा, "अवो, एक घास घेत नाईत. डॉक्टर म्हणतात, खाल्लं नाई तं जखम भरणार नाई. त्याइले काई टेन्शन देऊ नका बरं." मग फोन सरांकडे जायचा आणि पलीकडून बारीक आवाज यायचा, "थोरला जेवला काय?"

नेमका थोरलाही जेवत नव्हता! गांडूळ नाकासमोर सोडलं तरी तोंड फिरवायचा. घसा टम्म सुजलेला, जबडा खाली लोंबलेला, एका कोपऱ्यात गप्प बसलेला. धाकटा मात्र दोघांचं खाऊन गरगरीत झाला होता. आम्ही पाणी बदललं, चिमूट-चिमूट मीठ टाकलं, टाकीवर कापड घातलं. फरक शून्य.

"जेवला, सर," मी म्हणायचो. "चांगला जेवला."

खोटं बोलायची मला सवय नाही. फोन ठेवला की मी पुन्हा गांडूळ घेऊन टाकीपाशी जायचो. एक माणूस तिकडे जेवत नाही, एक मासा इकडे जेवत नाही, आणि दोघांच्या मधे मी!

एके दिवशी सर म्हणाले, "व्हिडिओ पाठव." झाली पंचाईत. प्रफुल्लनं डोकं लढवलं. धाकट्याला गांडूळ दिलं, अगदी जवळून मोबाईल धरला, मस्त व्हिडिओ काढला आणि पाठवला. दोन्ही मासे दिसायला सारखेच, नागपुरात बसून काय कळणार?

सरांचा फोन आला. "हा धाकटा होय," ते म्हणाले. बस, एवढंच.

त्यानंतर त्यांनी थोरल्याचं विचारणंच बंद केलं. इतके दिवस फोन वाजला की मला धडकी भरायची. आता वाजत नव्हता, तर त्याहून जास्त भरली.

* * *

सर हट्ट करून परत यायला निघाले. वहिनींनी कळवलं, ‘आम्ही निघालो. पेजसुद्धा नको म्हणतात.’

आमची तिघांची सरांच्या बैठकीत तातडीची मीटिंग झाली. थोरला सरांसमोरच मेला आणि त्यांना काही झालं तर? डॉ. झाडे म्हणाले, "घशात काई अडकलं असन. तोंड उघडून पाहा लागते." त्यांनी चिमटा उकळून घेतला. मी म्हणालो, "हात थरथरला तं?" ते म्हणाले, "थरथरतेच. पण करावं तं लागन." प्रफुल्लनं वरवंटा उचलला, झाकण काढलं. डॉक्टरांनी जाळी पाण्यात घातली. थोरला पळालाही नाही. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

सर मुलाच्या आधारानं आत आले. शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी चिमटा पाहिला, जाळी पाहिली.

"हात नका लावू त्याले," ते म्हणाले. "महिनाभर सारे माह्या तोंडात चमचा कोंबून राह्यले. कसं वाटते, मले माहीत हाये."

डॉक्टरांनी जाळी काढून घेतली. सरांनी खुर्ची टाकीसमोर ओढायला लावली आणि बसले. वहिनींनी ताट आणलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं. वहिनी ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते.

बऱ्याच वेळानं थोरला कोपऱ्यातून पुढे आला. काचेपाशी, सरांच्या अगदी समोर थांबला. त्यानं तोंड उघडलं.

आतून एक काळा ठिपका बाहेर आला. डोळे असलेला ठिपका! मग दुसरा आला, मग झुंबडच बाहेर पडली. इवली इवली पिल्लं थोरल्याच्या नाकासमोर वळवळू लागली. प्रफुल्लच्या हातून वरवंटा निसटला आणि धाडकन फरशीवर आदळला. त्या आवाजासरशी थोरल्यानं पुन्हा तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं भुर्रकन आत! धाकटा बाजूला येऊन पहारा दिल्यासारखा उभा राहिला.

डॉक्टरांनी चिमटा खिशात घातला. "अंडी तोंडात धरून बसला होता हा बाप, जेवते कसा!"

"सर," प्रफुल्ल हळूच म्हणाला, "पण हे तं दोघं भाऊ होते ना?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मग मान न वळवता म्हणाले,

"रेखा, ते ताट आण इकडे. भाकर वरनात चुरून दे."