पाठमोरं बसून

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या शाळेतल्या खो-खोच्या बाईंचे. कागदोपत्री त्या शारीरिक शिक्षण शिकवायच्या. पण धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात त्यांना सगळे खो-खोच्या बाईच म्हणत. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. बाईंमुळे मी पदवीधर झालो, फिजिओथेरपिस्ट झालो, आणि आज दोह्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात खेळाडूंचे घोटे आणि मांड्या सांभाळतो.

बाईंची एक पद्धत होती. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ ठरला की इतर शाळांत नावं फळ्यावर लागायची. आमच्या बाई फळ्याला हात लावायच्या नाहीत. ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्या आधी सांगायच्या, एकेकट्याला मैदानावर नेऊन. खो-खोत मधल्या पाटीवर खेळाडू एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात. बाई तुम्हाला एका चौकोनात बसवायच्या आणि शेजारच्या चौकोनात स्वतः उकिडव्या बसायच्या, तोंड पलीकडे करून. मग सांगायच्या. तुमचा चेहरा त्यांना दिसत नसे. रडायचं असेल त्याने रडून घ्यावं, तोवर बाई कंपाउंडच्या भिंतीकडे बघत थांबायच्या.

नववीत माझी पाळी आली.

"तू संघात नाहीस," बाई म्हणाल्या. "बैलगाडी तुझ्यापेक्षा बरी पळते."

मी हुंदके द्यायला लागलो.

"रड. मी बघत नाहीये." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "परवा तू मला म्हणालास, त्या उंच पोराचा डावा पाय टेकताना वाकडा पडतोय, त्याला बसवा. मी ऐकलं नाही. संध्याकाळी त्याचा घोटा भाकरीएवढा सुजला. मी इतकी वर्षं पोरं पळवतेय, मला ते दिसलं नाही. हे शिकवणारं कॉलेज असतं. तिथे जायचं तुला. झालं रडून? ऊठ मग, मलाही उठायचंय."

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत, घरी आल्या. आमच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान. ते इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "पायाचा डॉक्टर म्हणजे काय ओ बाई?"

"म्हणजे दिवसभर उभं राहून तुमची कंबर धरते ना, ती धरायची नाही."

वडिलांना तेवढं पुरलं.

आता दोह्याकडे येतो. आमच्या क्लबात संघ जाहीर करायची पद्धत निराळी होती. ऑगस्टमध्ये, सीझन सुरू होण्याआधी, सरावाला बरीच जास्त माणसं असतात. ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाच्या नावाची खुंटी आणि तिच्यावर धुऊन इस्त्री केलेला सरावाचा शर्ट. ज्या दिवशी कोच संघ पक्का करतात त्या दिवशी फक्त निवडलेल्यांचे शर्ट लागतात. आपली खुंटी रिकामी दिसली की समजायचं, खलास. कुणाला काही बोलावं लागत नाही आणि कुणी बोलतही नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका बचावपटूने अशी रिकामी खुंटी पाहिली. तो हसला, फोन काढला, उगाच कुणाशी तरी बोलल्यासारखं करत बाहेर गेला. नंतर वर्षभर तो कुठल्याच मैदानावर दिसला नाही. चांगला खेळाडू होता. त्याचा गुडघा मी महिनोन् महिने घासून पुसून उभा केला होता, म्हणून मला ते जास्त लागलं असेल.

यंदा माझा जीव अडकला होता तो आमच्या मिडफिल्डच्या पोरात. वय एकोणीस. दोह्याच्या अल गराफा भागात वाढलेला, लहानपणापासून याच क्लबाच्या अकादमीत शिकलेला. चेंडू त्याच्या पायात आला की बाकीचे दहा जण आपोआप पळायला लागतात, कारण त्यांना ठाऊक असतं की चेंडू आपल्यापर्यंत येणार. आमचा फिटनेस ट्रेनर अमेरिकन आहे. तो या पोराला 'क्वार्टरबॅक' म्हणतो. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये म्हणे सगळा डाव एकाच माणसाच्या हातून सुटतो, आणि तो माणूस तरुण असला तर अख्खं शहर त्याच्याकडे डोळे लावून बसतं. इथेही तेच चाललं होतं. सरावाच्या वेळी लहान मुलं जाळीला चिकटून त्याचं नाव घेत. त्याची आई माझ्यासाठी डब्यातून लुगैमात पाठवायची, म्हणजे आपले गुलगुलेच, वरून खजुराचा पाक. दुक्तूर, म्हणजे डॉक्टर, म्हणजे मी; ती प्रत्येक वेळी पोराला बजावायची, "दुक्तूरला सांग, म्हणावं पाय नीट बघ, यंदा तुझंच वर्ष आहे."

आमच्या बसचे ड्रायव्हर बार्शीकडचे. त्यांना मी मामा म्हणतो. मी फिजिओ आहे, डॉक्टर नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झालंय.

"आवं डॉक्टर, आपलं पोरगं यंदा खेळतंय का न्हाय?" ते रोज विचारायचे.

"मला काय माहीत मामा?"

"मग तुमास्नी म्हाईत तरी काय असतंय? नुसतं बरफ लावायचं?"

पोरगा बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसायचा. त्यांच्याकडून तो 'चला', 'बसा' आणि 'बास की' एवढं मराठी शिकला होता, आणि ते कुठेही वापरायचा. एकदा मी त्याची मांडी ताणत होतो तर ओरडला, "बास की!" शेजारच्या टेबलावरचा गोलकीपर दचकला.

संघ पक्का व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी कोच माझ्या मसाजच्या टेबलावर होते. ते साठीचे पोर्तुगीज गृहस्थ आहेत, अंगाने भारी, आणि त्यांचा उजवा गुडघाही माझ्याच ताब्यात आहे. पालथे पडले होते, तोंड टेबलाच्या भोकात.

"पोराची मांडी कशी आहे?" खालून आवाज आला. "दर आठवड्याला नव्वद मिनिटं झेपतील?"

"झेपतील," मी म्हणालो. मला आनंद झाला. मला वाटलं, ठरलं.

"छान. मग त्याला वर्षभर दुसऱ्या क्लबाकडे लोनवर पाठवतो."

माझा हात थांबला. कोच जमिनीकडे बघतच बोलत राहिले. नवा परदेशी खेळाडू त्याच जागेवर येतोय. पोरगा इथे राहिला तर वर्षभर बाकावर बसेल, शेवटची दहा मिनिटं खेळेल आणि शहर त्याच्याकडून चमत्कार मागेल. खालच्या लीगमधल्या एका क्लबाला तो हवाय. तिथे तो रोज खेळेल. कोचचं म्हणणं मला पटत होतं, हेच अवघड होतं.

"त्याला कसं सांगणार?" मी विचारलं.

"नेहमीसारखं. उद्या शर्ट लागणार नाही. नंतर मॅनेजर कागद देईल."

समोर त्यांचा चेहरा असता तर मी गप्प बसलो असतो. पण मला फक्त त्यांचं डोकं मागून दिसत होतं. मी मागच्या वर्षीच्या बचावपटूची आठवण दिली. मग बाईंची गोष्ट सांगितली: मधली पाटी, उलटी तोंडं, भिंतीकडे बघत थांबणं, सगळं. 

कोचचा श्वास संथ चालला होता. मला वाटलं झोपले.

"साडी नेसून? जमिनीवर?" शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि तुला काढलं, तरी तू आजही तिच्याबद्दल असं बोलतोस?"

"हो."

"उद्या सरावाच्या आधी त्याला इनडोअर हॉलमध्ये बोलव. आणि तूही ये. मला असं बसता येत नाही, दाखव."

"कोच, तुमचा गुडघा—"

"यल्ला, चल, मसाज कर."

त्या संध्याकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी मी धड जेवलो नाही. आमची दहा वर्षांची मुलगी मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. तिने थेटच विचारलं, "बाबा, ही इज इन, राइट?" मी म्हणालो, पोळी संपव. बायको माझ्याकडे बघून समजली आणि तिने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी, सूर्य कलायच्या जरा आधी, हॉलमध्ये आम्ही तिघंच. हिरव्या कृत्रिम गवतावर मी पोराला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि कोचना त्याच्या शेजारी, उलट दिशेला. उकिडवं बसताना कोच पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटले. ते चांगलं नसावं.

"दुक्तूर, हा योगा आहे का?" पोरगा हसत म्हणाला.

मी दाराजवळ जाऊन बर्फाच्या पिशव्या मोजल्यासारखं करू लागलो. हॉल घुमतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"तू यंदा आमच्या संघात नाहीस," कोच म्हणाले.

पोराचं हसू मला त्याच्या पाठीवरून गेलेलं दिसलं. खांदे खाली आले, मग हलायला लागले. कोच समोरच्या बास्केटबॉलच्या रिंगकडे बघत थांबले. मला त्यांच्या गुडघ्याची काळजी वाटत होती आणि त्यांच्याबद्दल फार बरंही वाटत होतं.

मग कोचनी त्याला सगळं सांगितलं. नवा माणूस, बाक, तो दुसरा क्लब. "तिथे प्रत्येक चेंडू तुझ्याकडे येईल. चुका कर, खूप कर. इथे मी तुला चुका करू देऊ शकत नाही. पुढच्या वर्षी परत ये आणि त्या नव्या माणसाची जागा घे."

"आईला काय सांगू?" पोरगा म्हणाला.

एवढंच. त्याचा सगळा घोर तिथे होता. लुगैमातचा डबा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मी येतो घरी. मी सांगतो," कोच म्हणाले. मग म्हणाले, "पण आधी मला उठव. मला उठता येत नाहीये."

पोरगा वळला. कोच एका हातावर टेकलेले, चेहरा लाल, पाय अडकलेला. त्याने बाहीने डोळे पुसले, दोन्ही हात धरले आणि ओढलं. पहिल्या झटक्यात दोघंही पडले. दुसऱ्यांदा मी धावलो. तिघं उभे राहिलो तेव्हा पोरगा हसत होता, नाक गळत होतं, आणि कोच माझ्यावर बोट रोखून म्हणत होते, "तुझ्या त्या बाईला सांग, मी तिच्यावर दावा लावणार!"

"बास की!" पोरगा म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याची खुंटी रिकामीच होती. तो सगळ्यांसमोर तिथे गेला, प्रत्येकाला मिठी मारली आणि स्वतःच सांगितलं, "मी खेळायला चाललोय." कोच खरोखर अल गराफाला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने त्यांना आधी खूप सुनावलं आणि मग जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मला पोराने विचारलं, हे उलटं बसणं कुठून आलं. मी खो-खो समजावून सांगितला: बसलेल्याने मागून खो मिळेपर्यंत थांबायचं, मिळाला की उठून सुटायचं. पुढचं शिक्षण मामांनी बसमध्ये पुरं केलं असावं.

त्याच्या नव्या क्लबाचा पहिला सामना आम्ही बघायला गेलो. बायको, मुलगी, मामा आणि मी. मैदान लहान, प्रेक्षक मोजकेच. पुढच्या रांगेत त्याची आई डबा घेऊन बसलेली, आणि तिच्या शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेले आमचे कोच. पोराने सुरुवातीला चेंडू तीनदा समोरच्यांना देऊन टाकला. मामा म्हणाले, "आरं कुणाकडं बघून मारतुयास!" आणि मग मध्यरेषेच्या अलीकडून त्याने असा एक लांब पास सोडला की डावीकडच्या खेळाडूला फक्त पाय लावायचा होता. गोल. माझी मुलगी बाकावर उभी राहून ओरडली, "यल्ला दादा!"

सामना संपल्यावर मी बाकावर बसूनच बायकोशी बोलत होतो. मागून कुणीतरी पाठीवर थाप मारली.

"खो!"

मी सवयीने उठलोच; मागे पोरगा उभा. मामा हसून हसून खाली बसले.

मामांची सुट्टी जवळ आली होती. बार्शीहून बाईंचं गाव लांब नाही. मी म्हणालो, एक पत्र नेऊन द्याल का? "पत्र? आवं फोन करा की," मामा म्हणाले, पण त्यांनी ते शर्टाच्या खिशात नीट ठेवलं. पत्र असं होतं:

बाई,

नमस्कार. हे पत्र आणणारे मामा आमच्या क्लबाचे ड्रायव्हर आहेत. सोबत खजूर आहेत. हा सगळा प्रकार ते त्यांच्या पद्धतीने सांगतील. निम्मं खरं धरा.

तुम्ही मला मैदानावर जसं सांगितलं होतं तसं इथे एका पोराला सांगितलं गेलं. सांगणारे आमचे कोच. पोरगा रडला आणि आता खेळतोय. दर आठवड्याला फोन करतो, चुका झाल्या की जरा जास्त वेळ बोलतो. मला एका बचावपटूची फार रुखरुख होती. कोचनी परवा त्यालाही फोन करून बोलावून घेतलं. तो आता अकादमीतल्या लहान मुलांना शिकवायला मैदानात उतरतो.

तुम्ही मला संघातून काढलंत त्या दिवशी मी तुम्हाला काहीच बोललो नव्हतो, नुसता उठून गेलो. म्हणून आज लिहितो. आभारी आहे, बाई. आमच्या घरात आता कॉलेजला जाणं ही साधी गोष्ट झाली आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. तिला तुमचं नाव माहीत आहे.

एक विचारायचं राहिलं. यंदा ज्यांची निवड झाली नाही त्या बाकीच्या सगळ्यांशीही कोच असेच बोलले. पण त्यांच्या गुडघ्याला जमिनीवर बसणं झेपत नाही, म्हणून आम्ही पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या ठेवल्या. तुमच्या नियमात बसतं का ते कळवा. नसेल चालत तर मी त्यांचा गुडघा अजून बरा करतो.

तुमचा,
बैलगाडीपेक्षा हळू पळणारा