बाभळीखालचा कोरा कागद

"आधी खालचं काढा, मंग वरचं." वर्गात पाऊल टाकताच मास्तर हे म्हणत आणि खडू फळ्याच्या तळाशी टेकवत. आधी मुळं, मग खोड. पानं सगळ्यांत शेवटी. अभ्यासक्रमात फुलदाणी होती, वस्तुचित्र होतं. यांच्या वर्गात फक्त झाडं, आणि ती झाडं म्हणजे माणसं.

अमरावतीच्या त्या शाळेत ते चित्रकला शिक्षक होते, मी मुख्याध्यापक. वलगावहून सायकलने यायचे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

एकदा त्यांनी मुलांना आपापला बाप काढायला सांगितला. एका पोरीने संत्र्याचं झाड काढलं, फळांनी वाकलेलं, फांद्यांखाली तीन बांबूंचे टेकू.

"हे टेकू कोन वं?"

"आमी बहिनी, सर."

ते चित्र आठवडाभर त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. भेटेल त्याला दाखवायचे. "मले नसतं सुचलं, बाप्पा!"

स्टाफरूमचीही सुटका नव्हती. ज्याचा वाढदिवस, त्याला एक झाड. हेडक्लार्कला चिंच मिळाली. "सावली गच्च, पन खाली काही उगवत नाई." सगळ्यांत मोठ्याने हेडक्लार्कच हसला. मराठीच्या बाईंना शेवगा. "शेंगा भरपूर, पन फांदीवर कोनी टेकू नये." बाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि चित्र मात्र फ्रेम करून घेतलं.

मला त्यांनी बाभूळ दिली. काट्यांसकट. स्टाफरूम हसली, साहेबाला हसावं लागतं तसा मीही हसलो. मग लक्षात आलं, खोडाखाली कागद कोराच आहे.

"मास्तर, मुळं कुठं आहेत?"

"तुमचं खालचं मले अजून दिसलं नाई, सर. दिसलं का काढतो."

ते सरळ बोलले होते. मला टोमणा वाटला. चित्र गुंडाळून मी घरच्या कपाटावर टाकलं.

त्याच महिन्यात अकोल्याच्या एका चित्रकला महाविद्यालयाचं पत्र आलं. अध्यापकाच्या जागेसाठी त्यांची निवड जवळपास झाली होती. मुख्याध्यापकाचा गोपनीय अभिप्राय तेवढा हवा होता. या जागेसाठी त्यांनी अर्धी नोकरी वाट पाहिली होती. "तिथं पोरं झाड शिकाले सोताहून येतीन, सर," म्हणायचे.

मी केबिनचं दार लावून लिहिलं : अभ्यासक्रम पाळत नाहीत. सहकाऱ्यांची टवाळी करतात. स्वभाव अस्थिर. सही केली, शिक्का मारला.

नकार आला तेव्हा ते माझ्याकडेच येऊन बसले. "माह्यातच काही कमी असन, सर."

मी चहा मागवला. म्हणालो, "अकोल्यात वशिला लागतो, मास्तर." पुढे सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून ते, कोणी न सांगता, फुलदाणी शिकवू लागले. निवृत्त होईपर्यंत फुलदाणीच.

गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं म्हणून वलगावला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते. इतक्या वर्षांनी मी विचारून टाकलं, "मास्तर, मला बाभूळच का दिली?"

"तुमाले काटेच दिसले काय? बाभयीवर कोनी चढत नाई, सर. म्हनून सुगरन तिथं घर बांधते. तुमी होते तं माह्या वर्गात कोनी ढवळाढवळ केली नाई. घरटं काढलं होतं ना मी!" जरा दम घेऊन म्हणाले, "खालचं राह्यलं हाये. आना एकदा. पुरं करून देतो."

आणतो म्हणालो. नेलं नाही. त्यांच्यासमोर ती गुंडाळी उलगडण्याची माझी छाती झाली नाही.

त्यांच्या शोकसभेला अध्यक्ष मीच. एकेक जण उठून अकोल्याला दोष देत होता. शेवटी मी उठलो आणि म्हणालो, "अकोल्यानं या माणसाला ओळखलं नाही." माना हलल्या. बाईंनी डोळे पुसले.

अकोल्याने काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

घरी येऊन गुंडाळी खाली काढली. काट्यांच्या आत अंगठ्याएवढं एक घरटं आहे. खोडाखाली चार बोटं कागद कोरा आहे. तिथे काय यायला हवं होतं, ते मी इथे वर लिहिलं आहे.