विहिरीवरची हरळी

दादा शेवटचा हसला, तो कशाला हसला?

हे मी वहिनीला विचारलं, दहाव्याला आलेल्या भटजींना विचारलं, हकीमसाहेबांना विचारलं. वहिनीनं चूल फुंकली, भटजींनी दक्षिणा मोजली. हकीमसाहेब तेवढे म्हणाले, "हसले? उस बुखार में?" आणि माझीच नाडी धरली. आता तुम्ही चहा पाजून राह्यले, तर तुम्हालाही विचारतो. पण आधी माझा घोटाळा ऐका. असा घोटाळा टेंभुर्णीच्या बाजारात मांडला तर फुकटसुद्धा कुणी उचलणार नाही!

मी तीन वर्षं जालन्यात जिनिंगमध्ये कामाला होतो. दादाशी भांडून गेल्तो. कशावरून भांडलो ते आठवत नाही, पण भांडण मात्र जोरदार होतं. चैत्रात आमच्या शेजारच्या वावरातला दस्तगीरभाई कापसाची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "छोटे, घर चल. तेरे भाई कू महिना हुआ, बुखार उतरताच नै."

आलो. दादा खाटेवर होता. खाटेवर कसला, खाटेच्या सुंभातून खाली पडेल एवढाच राह्यला होता. मला पाहून म्हणाला, "आलास धाकल्या? विहीर पाह्यलीस का?"

माझ्या पाठीमागं त्यानं एकट्यानं विहीर खांदली होती. विहिरीच्या डोक्यावर आमचा तो मुरमाड उतार. तुम्ही पाहिला नसेल. बकरी चढली तर तीसुद्धा पश्चात्ताप करत उतरते. तिथं कधी कुसळ उगवलं नव्हतं. मी जाऊन पाहतो तर काय? चैत्राच्या उन्हात सगळं रान करपलेलं आणि तो उतार हिरवागार! खालपासून वरपर्यंत नुसती हरळी!

आता शेतकऱ्याच्या पोराला हरळी दिसली की काय होतं, हे काय सांगावं लागतं? जन्मभर कुदळ घेऊन तिच्याच काशा, जमिनीतली ती गाठाळ मुळं, उपटत आलो. एक काशी राहिली की वावर गिळते. विहिरीत वाकून पाहिलं, तर पाणी तळाला गेलेलं. झालं! दोन यत्तांचं माझं डोकं, त्यानं लगेच हिशेब लावला. दादा खाटेवर पडला, वावरात फिरणारं कुणी नाही, म्हणून ही रांड माजली. आणि विहिरीचं पाणी हीच पिऊन राह्यली!

ठरवलं, दादाला सांगायचंच नाही. बरा होऊन वावरात येईल तेव्हा उतार असा स्वच्छ दिसला पाहिजे की दादानं मला मिठी मारली पाहिजे. तीन वर्षांचं भांडण एका मिठीत मिटवायचं होतं मला. हौस पहा!

पहिल्याच दिवशी दस्तगीरभाई बांधावर आला.

"क्या कर रा रे छोटे?"

"हरळी खांदून राह्यलो. दिसंना का?"

"तेरे भाई कू पुछ्या क्या?"

आता इथं एक शब्द खरा बोललो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण मला कुणी 'विचारलं का' म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उडते. मी ठोकून दिलं, "दादानंच सांगितलंय!"

भाईनं उताराकडं पाहिलं. "भाईने बोल्या? फिर ठीक है बाबा," म्हणाला आणि मान हलवत गेला.

आठ दिवस खांदलं. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर आणखी आले. खडकाच्या फटीत बोटं घालून काशा ओढल्या. वाळवल्या, ढीग केला, पेटवून दिला. दादा बरा व्हायची वाट काही पाहवेना; शेवटच्या दिवशीच्या ओल्या काशा टोपल्यात भरल्या आणि लढाई जिंकल्यासारखा टोपलं डोक्यावर घेऊन दादापुढं उभा राहिलो.

"दादा, पहा! विहिरीवरचा उतार साफ!"

दादानं टोपल्याकडं पाहिलं. "समदी काढली?"

"समदी!"

"मुळासकट?"

"मुळासकट! आन् जाळली बी!"

दादा हसायला लागला. असा हसला की खाट करकरली, खोकला आला, वहिनी पाणी घेऊन धावली, तरी हसूनच राह्यला. डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाला, "लई बेस केलंस, धाकल्या." आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

मी खूश! वहिनीला म्हणालो, "पाह्यलं का वहिनी? महिन्यात हसला नसंल असा हसला. आता बरा होतो बराबर."

तिसऱ्या दिवशी दादा गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. झाडावर बसलेला होता, पण मान फिरवून. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा, ही आपली रीत. वहिनी म्हणाली, "वावर पडीक ठिवणार न्हाई." कावळा हलला नाही. मी म्हणालो, "वहिनीला अंतर देणार न्हाई." नाही. गावच्या माली पाटलांनी बैलजोडी सांभाळायचा शब्द दिला. बिलकुल नाही.

लांब उभा असलेला दस्तगीरभाई शेवटी ओरडला, "अरे, वो हरळी का बोलो ना उसकू! दो साल लगाया उसने!"

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले. मग भाईनं सांगितलं. विहीर खांदली त्या पहिल्याच पावसाळ्यात उतारावरचा मुरूम विहिरीत उतरला. दादानं दगडाचा बांध घातला, तो वाहून गेला. तेव्हा त्यानं ओढ्यातून हरळी आणली आणि फटीफटीत बोटभर काशी खोचून लावली. उन्हाळ्यात कावडीनं पाणी घातलं. शेतकरी असून हरळी लावतो म्हणून गाव हसेल, या भीतीनं कुणाला सांगितलं नाही. फक्त भाईला ठाऊक होतं, आणि घरात वहिनीला.

"और तू तो बोल्या था, भाईनेच बोल्या करके!" भाई माझ्याकडं पाहून म्हणाला.

मला नदीत उडी टाकावीशी वाटली. पण चैत्र सरत आलेला, नदीत गुडघाभर पाणी. तिथंही फजितीच झाली असती. मी नुसता बोंबललो, "दादा, लावतो! हरळी लावतो! समदी लावतो!"

भटजींच्या हातातली पळी पडली. "हरळी? अरे, लोक गाय देतात, जमीन देतात…"

कावळा खाली आला. पिंडाला शिवायला आला की माझ्या बोंबेनं दचकून फांदीवरून पडला, देव जाणे. पण शिवला.

मग सुरू झालं माझं हरळी गोळा करणं. ओढ्यातली उन्हानं गेली होती. गावात निरोप फिरला की धाकल्याला हरळी पायजे. काय ती माणुसकी! "ये रे बाबा, आमच्या वावरातली ने!" "आमची का वाईट हाये? आमची बी ने!" एक म्हातारा तर खाट टाकून बसला आणि बोटानं दाखवत राहिला, "तिकडं, त्या कोपऱ्यात… खोल खांद, दादाचं काम हाये!" अकरा वावरं मी खांदून दिली. फुकट! वर ते म्हणायचे, "भावाची लई माया बरं का पोराला."

ती आणून लावली. भर वैशाखात, तापल्या मुरमात. चार दिवसांत वाळून काडी झाली. पुन्हा आणली, पुन्हा वाळली. मग पावसाळा लागला आणि दुसऱ्याच मोठ्या पावसात उघडा उतार खाली आला. विहिरीच्या सात पायऱ्या मुरमात गेल्या. दादानं सुरुंगाशिवाय, घणानं फोडून काढलेल्या सात पायऱ्या.

मी घरी येऊन मोरीपाशी बसलो आणि चिखलाचे पाय न धुता रडलो. वहिनी राखेनं भांडी घासत होती. ती म्हणाली, "भाऊजी, पाय उचला. हरळी तुडवून राह्यले."

मी खाली पाहिलं. मोरीच्या सांडपाण्यावर हातभर रुंद, दाट, हिरवीगार हरळी.

"ही कुठली?"

"तुमच्या टोपल्यातली. त्या दिवशी तुम्ही भाईर गेल्यावर हे म्हणले, मोरीपाशी खोचून दे, ओल हाये तिथं. मी खोचली."

"आन् मी दोन महिने गावाची वावरं खांदून राह्यलो, ते?"

वहिनी भांडं विसळत म्हणाली, "तुम्ही विचारलं का कधी?"

तुम्ही हसून घ्या. माझी हरकत नाही. दादासुद्धा हसला होता.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ तिला माहेरी जाफराबादला न्यायला येणार होता. कुदळ घेतली आणि मोरीपाशी गेलो. कुदळ उचलली, पुन्हा खाली ठेवली. जन्मात पहिल्यांदा काम करायच्या आधी विचारलं, "वहिनी, काढू का?"

तिनं हातातलं भांडं पालथं घातलं आणि म्हणाली, "अर्धी काढा. अर्धी राहू द्या, यांच्या सांगण्यानं लावलेली हाये."

रिमझिमीत दिवसभर उतारावर बसून बोटबोटभर काशी खोचली, दादानं खोचली तशी, फटीफटीत.

आणि अर्धीच काढली हो. गळ्याची शपथ, अर्धीच.