गुण आलेला माणूस

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. चाळीत तो विषय निघाला की मी उठून जायचो. दूध आणायचंय, कुलूप लावायचं राहिलंय, काहीही सांगायचो. माझ्या मुलालाही यातलं काही ठाऊक नाही. पण आमच्या मजल्यावर त्या बाईबद्दल अजून बोलतात, की हट्टी होती, सुनेचं ऐकलं नाही, स्वतःच्या हाताने पाय घालवला. हे खोटं आहे, आणि ते किती खोटं आहे हे जिवंत माणसांत एकट्या मला माहीत आहे.

मी त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचे यजमान आणि मी लालबागच्या एकाच गिरणीत होतो, ते साचे खात्यात मागावर, मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायला. यजमान लवकर गेले. वहिनी सावंतवाडीकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढूनही बोलायच्या मालवणीच, आणि मला भावजी म्हणायच्या.

टाइम ऑफिसातल्या कारकुनाला इंग्रजी वाचता येतं, म्हणून मजल्यावरची माणसं औषधाच्या बाटल्या आणि इस्पितळाचे केसपेपर घेऊन माझ्याकडे यायची. वाचून सांगा, जेवणाआधी की जेवणानंतर. माझी बायको म्हणायची, "आता दारावर पाटीच लावा." गिरणी बंद पडली, पोरं शिकली, आणि हळूहळू माझ्याकडे कोणी येईनासं झालं. कोणी यावं असं वाटत असे, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

मग मुलाने फोन घेऊन दिला आणि चाळीतल्या ज्येष्ठांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. सकाळी देवाचे फोटो, दुपारी औषधं. मी कुठून कुठून आलेले मजकूर पुढे पाठवायचो. गॅलरीत कॅरम खेळणारा माझा एक मित्र ओरडायचा, "काय डॉक्टर, ओपीडी उघडली का? गुडघ्यासाठी काय पाठव की!"

"तुझ्या गुडघ्याला औषध नाय रे, चाळीला लिफ्ट पाहिजे."

लोक हसायचे. पण संध्याकाळी तोच हळूच विचारायचा, "तो मेथीचा होता ना, किती भिजवायची म्हणालास?" एवढ्यावर माझा दिवस चांगला जायचा.

आमच्याकडे औषध कधी नुसतं सांगत नाहीत. सोबत माणूस सांगतात. अमकीच्या दिराला गुण आला, तमक्याच्या सासूची काठी सुटली. ज्याला गुण आला तो माणूस नसेल तर औषध कोणी उकळत नाही. कुठल्या डॉक्टरने काय शोध लावला याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. ओळखीतला माणूस बरा झाला ना, मग झालं. हे मला पक्कं माहीत होतं.

एके दिवशी मधुमेहाचा मजकूर आला. इन्सुलिन म्हणजे जन्माचा सापळा, औषधांनीच मूत्रपिंड निकामी होतं, भेंडी चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी प्या, सुई सुटेल. माझी बायको मधुमेहाने गेली. शेवटी तिची मूत्रपिंडं गेली होती. तो मजकूर वाचताना मला कोणावर तरी रागवायला मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खरंखोटं तपासावं असं मनात आलंच नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

पण मजकूर कोरडा होता. त्यात माणूस नव्हता. मी खाली एक ओळ जोडली: "माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना गुण आला आहे." आणि पाठवून दिला.

असा कोणी गृहस्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी दारात उभ्या. त्या ग्रुपमध्ये होत्या, पण टाइप करायच्या नाहीत. त्यांना कित्येक वर्षं रोज पोटाला सुई टोचून घ्यावी लागे. सून द्यायची. पोट काळंनिळं झालं होतं.

"भावजी, ह्या खरा काय?"

"म्हणजे काय! उगाच पाठवीन का?"

"कोण ओ तो? तुमच्या हापिसातलो?"

इथे मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "हो, आमच्या ऑफिसातलेच. आता दादरला असतात."

"आणि सुई?"

"सुटली."

त्यांनी चौकट धरली. मग हसल्या, आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "सुनेक सांगू नकात हां. ती आरडतली." मी मान हलवली.

मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो. त्या काळात तीही सोडा म्हणून मजकूर यायचे, आणि मी ते पाठवायचो. माझी गोळी मी एकदाही चुकवली नाही.

वहिनींनी सुनेला सांगितलं, आता मला जमतं, सुई मीच घेईन. सून नोकरीवर जाणारी, तिला बरंच वाटलं. सकाळी नळावर जाताना त्यांच्या खिडकीत मला काचेचा पेला दिसायचा. पाण्यात उभी चिरलेली भेंडी. मला सगळं दिसत होतं. वहिनी सुकत चालल्या, सारखं पाणी पिऊ लागल्या, गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे त्यांच्या खेपा वाढल्या. माझ्या बायकोचं असंच झालेलं मी पाहिलं होतं. एकदा मी त्यांना अडवलंसुद्धा. म्हटलं, "वहिनी, जरा तपासून घ्या ना." त्या म्हणाल्या, "उतार पडाक येळ लागता, तुम्हीच लिवलास मां?" तेही त्या मजकुरात होतंच. मी बाजूला झालो.

चपलेचा पट्टा करंगळीला लागून जखम झाली होती. त्यांना कळलीच नाही, पायाला संवेदना उरली नव्हती. सुनेला वासाने कळलं. तोवर पाऊल काळं पडलं होतं.

परळच्या मोठ्या इस्पितळात त्यांना नेलं, तेव्हा सुनेबरोबर मी गेलो. केसपेपर वाचायला काका बरोबर असलेले बरे, असं तीच म्हणाली. आत डॉक्टरांनी विचारल्यावर वहिनींनी कबूल केलं, सुई बंद केली होती. सून बाहेर आली.

"काका, हे आईंच्या डोक्यात घातलं कोणी? मला फक्त नाव सांगा. मी त्याच्या घरी जाते."

मी म्हणालो, "आधी त्यांचं काय ते बघू."

"नाही, तुम्ही विचारा त्यांना. तुमचं ऐकतात त्या."

तिने मला आत पाठवलं आणि मागे दारात उभी राहिली. वहिनींना ताप होता, डोळे लाल झाले होते. मी काही विचारायच्या आतच त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "मोबाइलवर इल्ला होता. कोणाचा ता माका ठावक नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. त्यांनी मला वाचवलं, आणि मी वाचलो.

गुडघ्याखाली पाय काढला.

त्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून मी तो मजकूर शोधला. सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत केव्हाच संपली होती, फक्त माझ्या फोनमधून पुसता येत होता. तेवढा पुसला. मग वाट बघत बसलो, की ग्रुपवर कोणीतरी माझं नाव घेईल. कोणी घेतलं नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो बहिणीला, गावाला, व्याह्यांना पाठवला होता, माझ्या त्या ओळीसकट. माझं नाव घेतलं असतं तर त्यांचंही निघालं असतं. कॅरमवाल्या मित्राने मला डॉक्टर म्हणायचं बंद केलं, बस. तोही यावर कधी बोलला नाही.

एका पायाने तीन जिने आणि गॅलरीच्या टोकाचा संडास जमणार नव्हता. वहिनींची मुलगी अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत तळमजल्यावर राहते, ती त्यांना घेऊन गेली. तिकडे जायला मला बरेच महिने लागले. बसमध्ये मी वाक्य घोकत गेलो.

मुलगी चहा ठेवायला आत गेली. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, गुडघ्यावर चादर.

"भावजी, बरे इलास. माका एक विचारूचा होता."

मी स्टूल ओढून बसलो.

"माझाच काय ता चुकला असतला. भेंडी जून गावली, काय पाणी जास्त झाला, काय जाणा. नायतर तेका गुण इलो, माका कसो नाय?" मग म्हणाल्या, "तो तुमच्या हापिसातलो बरो आसा मां?"

त्या खरंच काळजीने विचारत होत्या. तेच पाणी तोही पीत होता ना. आपल्यासारखं त्याचं काही होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"बरे आहेत," मी म्हणालो.

"देव बरा करो," त्या म्हणाल्या, आणि मुलीला हाक मारून माझ्या चहात साखर कमी घालायला सांगितली.

त्या मग फार जगल्या नाहीत. तेराव्याला सून माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, तुम्ही आईंसाठी खूप केलंत." जेवणाची पंगत बसत होती, मी पानावर जाऊन बसलो.

बसमध्ये घोकलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. वहिनी, तो माणूस कधी नव्हताच, मी तो बनवला होता. तुमचं काही चुकलं नाही, मला क्षमा करा.