सुमनताईंच्या गाण्यावरची मनाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोर्टाच्या बाररूममधल्या वकील दोस्तांना तर नाहीच — ते हसले असते, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो असतो. तुम्हाला सांगतो. गावाचं नाव विचारू नका. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि मी तिथला वकील, एवढं पुरे.

कापसाचे ते वाईट दिवस आठवतात ना? जिनिंगसमोर बैलगाड्यांच्या रांगा, आणि रोज पेपरात आमच्याच जिल्ह्याचं नाव. त्या दिवसांत सुमनताई माझ्याकडे आल्या. बाजूच्या खेड्यातल्या, पन्नाशी उलटलेल्या, बायांच्या खंजिरी भजन मंडळाच्या प्रमुख. मंडळाचा एक रिवाज होता — संध्याकाळची प्रार्थना झाली की एकीनं पेपर मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. एकदा त्यात पॅलेस्टाईनमधल्या एका म्हातारीची बातमी आली. बुलडोझर आला तेव्हा ती आपल्या ऑलिव्हच्या झाडाला मिठी मारून बसली होती. आता ऑलिव्ह म्हणजे काय, ते कोणाला माहीत? कोणीतरी सांगितलं, आपल्या मोहासारखं, तेल निघणारं झाड. बस्! सुमनताईंचं स्वतःचं वावर धरणात गेलेलं. त्यांनी गाणं रचलं — ‘झाड लावलं मी गं माये, सावली कोणाची झाली.’

बाजाराच्या दिवशी ते गाणं म्हणायचं, आणि पॅलेस्टाईनच्या लोकांना त्यांची जमीन, त्यांचा हक्क मिळावा म्हणून दिल्लीला पाठवायच्या पत्रावर सह्या गोळा करायच्या, असं मंडळानं ठरवलं. तहसील कचेरीकडे बाजाराचं मैदान मागितलं. उत्तर आलं, लेखी: विषय परदेशी, स्थानिक संबंध नाही, परवानगी नाकारण्यात येते. स्थानिक संबंध नाही! आमच्या कापसाचा भाव सातासमुद्रापार ठरतो, तेव्हा कोणी विचारलं होतं स्थानिक संबंध? माझं डोकंच फिरलं. तो संताप खरा होता. म्हणूनच पुढचं सांगायची जास्त लाज वाटते.

आम्ही दावा लावला. नकार बेकायदेशीर ठरवा, गाण्याला अडथळा करू नका, एवढंच मागणं. आणि मग सुमनताईंनी जे केलं ते मला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. तारीख पडली की सगळं जग बोटं मोडतं. या बाया खूश व्हायच्या! दर तारखेला दहा-बारा जणी जीपमध्ये कोंबून यायच्या. कोर्टाच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीशेजारी खंजिऱ्या निघायच्या. जे गाणं मैदानात चालत नव्हतं ते तिथं रस्त्यावर चालायचं. तारखेला आलेले पक्षकार, टायपिस्ट, भजेवाला — सगळे ऐकायचे, सह्या करायचे. कोणी टोमणा मारायचा, “आपला कापूस कोणी घेऊन नाही राह्यलं, अन् तुमाले पॅलेस्टाईनचं पडलं!” सुमनताई खंजिरी न थांबवता म्हणायच्या, “वावर गेल्यावर कसं वाटते ते आमाले नाही समजणार त कोणाले समजन, बापा?” तो टोमणे मारणाराच सही करून जायचा. पेपरात फोटो आला. त्यात कोपऱ्यात माझा काळा कोट होता. मी ते कात्रण खिशात घेऊन फिरायचो. काय ऐट होती माझी!

आता मुद्द्याशी येतो. येतो — पण आधी एक सवय सांगावी लागेल. खेड्यातल्या माणसाची चक्कर वाचावी म्हणून आम्ही वकील पहिल्याच दिवशी दोन-चार कोऱ्या कागदांवर सही घेऊन ठेवतो. सुमनताईंनी विचारलं होतं, “कोऱ्यावर काहून, साहेब?” मी म्हणालो, “तुमचीच चक्कर वाचते, ताई.” आणि त्यांनी वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. तीन कागदांवर.

त्याच सुमारास मी सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी अर्ज केला होता. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक वजनदार गृहस्थ बसले. वरणात तूप ओतता ओतता म्हणाले, “तुमचं नाव वर आहे म्हणतात. ते भजनाचं काय चाललंय?” बस, एवढंच. धमकी नाही, अट नाही. कदाचित त्यांना सहज विचारायचं असेल. मी एवढ्यावर वाकलो. कोणी वाकवलं असतं तर आज त्याच्या नावानं तरी शिव्या घातल्या असत्या!

पुढच्या तारखेआधी मी निरोप धाडला — वेचणीचे दिवस आहेत, या वेळी येऊ नका, मी बघतो. आणि त्या तिनातल्या एका कोऱ्या कागदावर, सुमनताईंच्या सहीच्या वर, स्वतःच्या हातानं लिहिलं: वादीस सदर दावा पुढे चालवायचा नाही. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघत दोनदा विचारलं, “नक्की काढून घ्यायचाय?” दोनदा! मी दोन्ही वेळा हो म्हणालो. बाहेर फाटकाशी त्या दिवशी कोणी गात नव्हतं.

सुमनताईंना मी काय सांगितलं? सांगितलं की कोर्टानं दावा फेटाळला. त्यांनी विचारलं, “मंग गानं?” दावा मीच काढून घेतला म्हणायची हिंमत नव्हती, आणि उद्या त्या पुन्हा फाटकाशी येऊन गायल्या तर माझं बिंग फुटणार. मी म्हणालो, “गाण्यावर मनाई आहे.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “कोर्टानं म्हनलं त काही तरी पाहूनच म्हनलं असन.” जी बाई लेखी नकाराला भ्याली नाही, ती कोर्टाच्या शब्दाला मान देऊन गप्प झाली. तो शब्द कोर्टाचा नव्हता, माझा होता. सह्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिला. तो दिल्लीला गेलाच नाही.

नेमणूक मिळाली. बायकोनं पेढे वाटले.

परवा त्या दारव्ह्याच्या जीप स्टॅण्डवर दिसल्या. आता पाठीत वाकल्यात, सून बरोबर होती. हॉटेलातल्या टीव्हीवर गाझा दाखवत होते — पडलेली घरं, धूळ, हातात लेकरं घेऊन पळणारे बाप. सुमनताईंनी मला ओळखलं, हात जोडले आणि विचारलं, “साहेब, उठली काय मनाई?”

इतकी वर्षं झाली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, “अजून नाही, ताई.”

टीव्हीकडे बघत सून हलकेच तेच गाणं गुणगुणत होती. सुमनताईंनी तिच्या दंडाला हात लावला. “हळू, बाई,” त्या म्हणाल्या, “साहेब उभे हायेत. कोर्टाची मनाई हाय.”